‘थांबणे’ आणि ‘सोडून देणे’ : दयामरणाच्या वादाची कर्जत-खालापूरच्या संदर्भात चिकित्सा

प्रास्ताविक

दयामरणास कायद्याची मान्यता असावी की नसावी, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १९८१ साली मिनू मसानी यांनी मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था स्थापन केली. १९८५ मध्ये प्रा. सदानंद वर्दे यांनी विधान परिषदेत या विषयावरील अशासकीय विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. १९८६ मध्ये एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने, आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे भारतीय दंड संहितेचे ३०९ वे कलम घटनाबाह्य ठरविले. पुढे १९९६ मध्ये ग्यान कौर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ते कलम वैध ठरवून जीविताच्या हक्कात मरणाचा हक्क येत नाही असे सांगितले, तरी ‘सन्मानाने जगण्या’मध्ये सन्मानाने होणारा नैसर्गिक शेवटही अंतर्भूत आहे, एवढे दार किलकिले ठेवले. ७ मार्च २०११ चा अरुणा शानबाग निकाल, ९ मार्च २०१८ चा ‘कॉमन कॉज’ निकाल आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्यात झालेल्या सुधारणा ही त्या दाराची पुढची उघडझाप होय.

या चर्चेत भाग घेणारे बहुतेक सर्व जण, मग ते कायदेपंडित असोत, वैद्यकतज्ज्ञ असोत वा धर्मचिंतक असोत, एका विशिष्ट रुग्णाला डोळ्यांसमोर ठेवून बोलत असतात. हा रुग्ण मोठ्या शहरातील रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आहे, त्याला यंत्रे जोडलेली आहेत, आणि उपचार ‘जास्त’ होत आहेत ही त्याची व्यथा आहे. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके समोर ठेवले आहेत. मुंबई आणि पुणे यांच्या मधोमध असलेल्या, लोहमार्ग व द्रुतगती मार्ग यांनी जोडलेल्या या परिसरात आधुनिक वैद्यक दिसते, पण सर्वांच्या हाताला लागत नाही. कर्जतहून सुटणारी लोकल परळच्या ज्या के.ई.एम. रुग्णालयाजवळून जाते, त्याच रुग्णालयात अरुणा शानबाग बेचाळीस वर्षांच्या आसपास पडून होत्या. एवढ्याशा अंतरात या वादाचा अर्थ कसा पालटतो, हे पाहणे उद्‌बोधक आहे.

शब्दांचा घोळ

प्रथम भाषेचा विचार करणे भाग आहे. मराठी वृत्तपत्रांनी व व्याख्यानांनी या विषयासाठी ‘दयामरण’ आणि ‘इच्छामरण’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले. वास्तविक दया ही दुसऱ्याची असते आणि इच्छा ही स्वतःची असते. अरुणा शानबाग प्रकरणाच्या बातम्यांत ‘इच्छामरण’ हा शब्द झळकत राहिला, तेव्हा जिला स्वतःची इच्छा व्यक्त करणे अशक्य झाले होते अशाच एका स्त्रीविषयी तो वापरला जात आहे, हे फारसे कुणाच्या लक्षात आले नाही. इच्छा याचिकाकर्तीची होती, विरोधी इच्छा परिचारिकांची होती. जिचे मरण होते तिची इच्छा कोणालाच ठाऊक नव्हती.

‘इच्छामरण’ या शब्दाचे मूळ पाहिले तर गोष्ट आणखी वेगळी दिसते. महाभारतातील भीष्मांना मिळालेला वर म्हणजे या शब्दाचे मूळ स्थान. परंतु शरशय्येवर पडल्यावर भीष्मांनी तो वर मरण लवकर यावे म्हणून वापरला नाही. उत्तरायण लागेपर्यंत वेदना सोसत जिवंत राहण्यासाठी वापरला. आज ज्या मागणीला आपण त्यांचे नाव देतो, तिच्या नेमके उलट त्यांचे वर्तन होते. हा केवळ शब्दच्छल नव्हे. परंपरेतील पूज्य उदाहरणांच्या आधाराने आधुनिक कायद्याचे समर्थन करण्याची जी सवय मराठी वक्त्यांना लागली आहे, तिची ही एक खूण आहे.

याच सवयीने ज्ञानेश्वरांची समाधी, जैनांची सल्लेखना, सावरकरांचे प्रायोपवेशन आणि विनोबांचे देहविसर्जन यांची एक माळ ओवली जाते. सावरकरांनी आत्महत्या आणि आत्मार्पण यांत भेद करणारा लेख लिहिला आणि २६ फेब्रुवारी १९६६ रोजी, अन्न व औषध सोडल्यानंतर काही आठवड्यांनी, ब्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. विनोबांचे उदाहरण तर या परिसराच्या अगदी निकटचे आहे. खालापूरला लागून असलेल्या पेण तालुक्यातील गागोदे हे त्यांचे जन्मगाव. नोव्हेंबर १९८२ च्या प्रारंभी पवनार येथे हृदयविकाराचा झटका आल्यानंतर त्यांनी अन्न, पाणी व औषध नाकारले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी भेट घेऊन केलेली विनंतीही त्यांनी मानली नाही, आणि १५ नोव्हेंबर रोजी त्यांचे निधन झाले. ३०९ वे कलम तेव्हा पूर्ण जोमात होते. पवनारला मात्र कोणी ते बजावण्यास गेले नाही.

या उदाहरणांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र त्यांत तीन गोष्टी समान आहेत. निर्णय घेणारा बोलू शकत होता. त्याच्या भोवती त्याचे ऐकणारी माणसे होती. आणि उपचार नाकारण्यापूर्वी उपचार त्याच्या दाराशी आलेले होते. डॉक्टर बोलावले असते तर आले असते, म्हणूनच ‘नको’ या शब्दाला नैतिक वजन आले. ज्याच्या दारी डॉक्टर येतच नाही, त्याच्या ‘नको’चा अर्थ काय लावायचा, याचे उत्तर पवनारमध्ये सापडत नाही. विनोबांच्या जन्मगावाजवळच्याच डोंगरवाड्यांत ते शोधावे लागते.

परळचा वॉर्ड, दिल्लीचा निकाल

कर्नाटकातील हळदीपूरहून आलेल्या अरुणा शानबाग के.ई.एम. रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील एका सफाई कामगाराने कुत्रा बांधण्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळून अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या पुन्हा कधीही सावरल्या नाहीत. आरोपीला प्राणघातक हल्ला व चोरी यांबद्दल शिक्षा झाली, लैंगिक अत्याचाराबद्दल नाही; तो गुन्हा नोंदवलाच गेला नव्हता. अरुणांच्या मरणाच्या हक्कावर जेवढी शाई खर्च झाली, तेवढी त्यांच्या न नोंदलेल्या गुन्ह्यावर झाली नाही, हे जाता जाता नमूद करणे आवश्यक वाटते.

पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांनी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने मुंबईतील तीन डॉक्टरांची समिती नेमली. तिने अरुणा मेंदूमृत नाहीत, यंत्राविना श्वास घेतात, परंतु स्थायी अचेत अवस्थेचे बहुतेक निकष त्यांना लागू पडतात, असा अहवाल दिला. न्या. मार्कंडेय काटजू व न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांच्या पीठाने याचिका फेटाळली आणि त्याच निकालात निष्क्रिय दयामरणाला प्रथमच मान्यता दिली. या निकालातील सर्वांत महत्त्वाचा, पण सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग म्हणजे ‘जवळचा मित्र’ कोण, या प्रश्नाचे उत्तर. न्यायालयाने विराणी यांच्या कळकळीचा आदर करूनही तो मान के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांना दिला. ज्यांनी वर्षानुवर्षे भरवले, धुतले, कूस बदलली, त्यांचा शब्द अंतिम. त्यांचे मत पुढे बदलले तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे जावे. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणांचे निधन झाले, तोवर त्यांचे मत बदलले नव्हते.

हा विचार मूलगामी आहे. रक्ताच्या नात्यापेक्षा शुश्रूषेच्या नात्याला तो श्रेष्ठ मानतो. परंतु निकालाने स्वतःच त्याची व्याप्ती आवळली. पुढील प्रकरणांसाठी जी कार्यपद्धती घालून दिली, तिच्या मुळाशी भीती होती ती लोभी वारसाची. मालमत्तेसाठी नातेवाईक बनावट कागद तयार करतील, डॉक्टर त्यांना सामील होतील, म्हणून प्रत्येक प्रकरण उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे यावे, असे ठरले. २०१८ च्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ही अट काढली, अग्रिम वैद्यकीय निर्देशाला म्हणजे ‘लिव्हिंग विल’ला मान्यता दिली आणि दोन वैद्यकीय मंडळांची रचना आणली. २०२३ मध्ये ती सुटसुटीत झाली: दंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे निर्देश करता येतो, तज्ज्ञांच्या अनुभवाची अट वीस वर्षांवरून पाच वर्षांवर आली, आणि मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे असे सांगण्यात आले.

सक्रिय आणि निष्क्रिय या भेदावर मात्र सगळी इमारत उभी राहिली. इंजेक्शन देऊन मारणे गुन्हा. नळी काढून मरू देणे कायदेशीर. या भेदावरील आक्षेप जुना आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ जेम्स रेचल्स यांनी १९७५ मध्येच विचारले होते की, मूल बुडविणारा आणि बुडत्या मुलाकडे हेतुपुरस्सर पाहत उभा राहणारा, यांत नैतिक फरक कोणता? २०१८ च्या निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या स्वतंत्र मतात या भेदातील तार्किक दुबळेपणा दाखवून दिला. पण टीकाकार आणि समर्थक दोघेही एकाच पातळीवर राहतात. कृती आहे की अकृती, एवढाच त्यांचा प्रश्न. अकृतीचेही दोन निराळे प्रकार असतात, हे त्या चर्चेत येत नाही. बोलीमराठीला ते ठाऊक आहेत. ती एकाला ‘थांबणे’ म्हणते, दुसऱ्याला ‘सोडून देणे’.

दोन अकृती

थांबण्यापूर्वी काही केलेले असावे लागते. सोडून देण्याला त्याची गरज नसते. थांबणारा कोणाला तरी विचारतो, कोणाला तरी सांगतो, आणि थांबल्यावरही जवळ बसून राहतो. सोडून देणारा निघून जातो.

खालापूर तालुक्याने २०२३ साली याचा एक दारुण अनुभव घेतला. १९ जुलैच्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत मोटारीचा रस्ता नव्हता; यंत्रे वर नेता येईनात; जवान व स्वयंसेवक पायी चढून हाताने माती उपसत राहिले. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडली नाहीत. २३ जुलै रोजी ग्रामस्थ व आप्तांशी बोलून शोधकार्य थांबविण्यात आले आणि बेपत्ता माणसांना मृत मानले गेले. वैद्यकीय उपचार आणि मदतकार्य या निराळ्या गोष्टी आहेत, याची जाणीव ठेवूनही म्हणावे लागते की, जे स्वतः बोलू शकत नाहीत त्यांच्या वतीने प्रयत्न संपविण्याचा निर्णय कसा घेतला जातो, याचे इतके जवळचे उदाहरण दुसरे नाही. २३ जुलैचा निर्णय ‘थांबणे’ या सदरात येतो. त्याआधीची अनेक वर्षे त्या वाडीला रस्ता नव्हता, ते मात्र ‘सोडून देणे’ होते. एकाच डोंगरावर दोन्ही अकृती घडल्या. कायद्याची परिभाषा वापरायची तर दोन्हींना ‘निष्क्रिय’ हेच विशेषण लागेल, आणि तेथेच त्या परिभाषेचे अपुरेपण उघडे पडते.

‘घरी न्या’

आता रुग्णाकडे वळावे. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, कशेळे व चौक येथे ग्रामीण रुग्णालये आहेत, जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. गंभीर रुग्ण मात्र पनवेल, कामोठे, उल्हासनगर किंवा मुंबईला हलविला जातो. द्रुतगती मार्गावरील अपघातात डोक्याला मार बसलेला तरुण असो, पक्षाघात झालेली वृद्धा असो, वा उशिरा निदान झालेला कर्करोगी असो, त्याचा प्रवास बहुधा असाच होतो. नंतर एक दिवस येतो, जेव्हा डॉक्टर आप्तांना बाजूला घेऊन सांगतात, ‘आता घरी न्या, सेवा करा.’ कधी हा प्रामाणिक वैद्यकीय सल्ला असतो. कधी तो अनामत रक्कम संपल्याचा सभ्य उच्चार असतो. आप्तांची ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत’ अशा मजकुरावर सही किंवा अंगठा घेतला जातो. रुग्णालयाच्या भाषेत त्याला ‘डामा’ म्हणतात. कृत्रिम श्वासाची पिशवी दाबत रुग्णवाहिका वाडीच्या पायथ्याशी येते, पुढे डोली. तुळशीपत्र, पाण्याचे दोन थेंब, आणि काही तासांत सारे संपते.

येथे काय घडले? उपचार काढून घेतले गेले, रुग्ण मरण पावला. २०२३ च्या कार्यपद्धतीनुसार पाहिले तर हे निष्क्रिय दयामरणच होय. पण येथे प्राथमिक मंडळ नव्हते, दुय्यम मंडळ नव्हते, दंडाधिकाऱ्यांना कळविणे नव्हते. ज्या कृतीसाठी न्यायालयाने एवढी तटबंदी उभारली, ती तटबंदीबाहेरच्या वाटेने रोज घडते आणि कोणालाही ती दयामरण वाटत नाही. तिला नाव आहे ‘घरी नेणे’. मराठी समाजात घरी मरण येणे भाग्याचे मानले जाते, आणि ते खोटेही नाही. म्हणूनच या शब्दाखाली दोन अगदी भिन्न प्रसंग सुखाने नांदतात: आजोबांनी स्वतः ‘मला घरी न्या’ म्हणणे, आणि दागिने गहाण ठेवूनही पैसे पुरले नाहीत म्हणून आजोबांना घरी आणणे.

शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने यातील काही भार हलका केला हे मान्य केले पाहिजे. तिची मर्यादा आता पाच लाख रुपयांपर्यंत नेण्यात आली आहे. परंतु ती ठरावीक उपचारांसाठी आणि रुग्णालयातील वास्तव्यासाठी आहे. घरी पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलण्यासाठी कोणीतरी रोजगार बुडवून बसावे लागते, त्याचा हिशेब कोणत्याही पॅकेजमध्ये बसत नाही. के.ई.एम.मध्ये अरुणांना अंथरुणाचे व्रण जवळजवळ होऊ दिले गेले नाहीत, याचे कौतुक देशभर झाले. ते योग्यच होते. मात्र त्यामागे पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या वेतनभोगी परिचारिकांची मोठी व्यवस्था होती. तोच आदर्श वाडीवरच्या एकट्या सुनेपुढे ठेवणे म्हणजे संस्थेचे कर्तव्य व्यक्तीच्या पुण्याईवर ढकलणे होय. दयामरणाचे विरोधक के.ई.एम.चा दाखला देताना ही गोष्ट सोयीने विसरतात.

दोन मंडळांची रचना रुग्णालयानेच करावयाची आहे. त्यात उपचार करणाऱ्या डॉक्टरखेरीज संबंधित विषयातील तज्ज्ञ हवेत, आणि दुय्यम मंडळातील तज्ज्ञ पहिल्या मंडळातील नसावेत. मुंबईतील मोठ्या रुग्णालयाला हे सहज शक्य आहे. तालुका पातळीवरील रुग्णालयात एवढे तज्ज्ञ एका वेळी जमविणे दुर्घट. परिणामी कायद्याच्या चौकटीत ‘थांबणे’ ही महानगराची सोय ठरते आणि तालुक्याच्या वाट्याला चौकटीबाहेरचे ‘सोडून देणे’ येते.

आप्तांची संमती हेही असेच एक गृहीतक. कर्जत-खालापूरमधील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. वाडीत म्हातारी माणसे व काही मुले उरतात. जानेवारीत आजारी पडलेल्या वृद्धेचा ‘निकटचा आप्त’ कोठे शोधावा? तिच्यासोबत रुग्णालयात आलेली शेजारीण हीच तिची खरी शुश्रूषा करणारी असते. २०११ च्या निकालातील विचार येथे किती उपयोगी पडला असता, हे लक्षात घ्यावे. तो न्यायालयाने अरुणांपुरता वापरला आणि पुढे त्याचा नियम झाला नाही.

लोभी वारसाची भीती मात्र या परिसरात पोकळ आहे असे म्हणता येणार नाही. द्रुतगती मार्ग, फार्महाऊसे आणि नवी मुंबईचा विस्तार यांमुळे जमिनीचे भाव चढले, तसे सातबाऱ्यावर नाव असलेल्या वृद्धाच्या अंगठ्याला मोल आले. एकाच गावात एक म्हातारा पैसे नाहीत म्हणून लवकर घरी येतो आणि दुसरा पैसे आहेत म्हणून धोक्यात येतो.

रंगभूमीवरचे एकाकी दांपत्य

मराठी मध्यमवर्गाची या विषयावरील भावना ज्या साहित्यकृतीने घडविली तिचा येथे थोडक्यात उल्लेख आवश्यक आहे. जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’ या नाटकातील वृद्ध जोडपे शेवटी झोपेच्या गोळ्यांचा मार्ग पत्करते. त्यांना असाध्य रोग नाही. मुले जवळ नाहीत, वाट पाहणे संपले आहे, एवढेच. प्रेक्षागृह हेलावते, आणि हेलावता हेलावता त्या निर्णयाला मनोमन संमती देते. गिरगावातील एका निरोगी वृद्ध दांपत्याने राष्ट्रपतींकडे सक्रिय दयामरणाची परवानगी मागितल्याचे वृत्त २०१८ च्या सुमारास गाजले, तेव्हाही तीच संमती वृत्तपत्रांतील पत्रांमधून उमटली. ‘ओझे होऊ नये’ हा या वर्गाचा परमोच्च सद्‌गुण होऊन बसला आहे. दळवींच्या नाटकाचे सामर्थ्य वादातीत आहे. परंतु एकाकीपणावरचा उपाय म्हणून मृत्यू प्रेक्षकाला सुंदर वाटावा, ही त्या सामर्थ्याची धोक्याची बाजू समीक्षकांनी पुरेशी दाखविली नाही. ‘ओझे’ हा शब्द एकदा सद्‌गुणाच्या कोशात गेला की, ज्याला खरोखरच ओझे म्हणून वागविले जाते त्याच्यावर त्याचा दाब सर्वाधिक पडतो. कॅनडात २०१६ मध्ये साहाय्यित मृत्यूचा कायदा झाला आणि २०२१ मध्ये मृत्यू नजीक नसलेल्यांनाही तो खुला झाला, तेव्हा अपंगांच्या संघटनांनी घेतलेला आक्षेप नेमका हाच होता.

प्रतिवाद आणि त्याचे वजन

या साऱ्या विवेचनावर एक सबळ आक्षेप घेता येतो. समाज अन्यायी आहे, रस्ते नाहीत, तज्ज्ञ नाहीत, हे खरे. पण म्हणून जबड्याच्या कर्करोगाने तळमळणाऱ्या आणि शुद्धीवर असलेल्या माणसाला ‘आधी व्यवस्था सुधारू, मग तुझे ऐकू’ असे सांगणे हा दुसरा अन्याय नव्हे काय? त्याचे आयुष्य व्यवस्थेच्या सुधारणेची वाट पाहणार नाही. नेदरलँड्सने २००२ पासून कठोर अटींसह जी मुभा दिली, ती केवळ श्रीमंत देशाची चैन आहे असे म्हणून हा प्रश्न उडवून लावता येत नाही. वेदना दरिद्री माणसाला कमी होत नाहीत. उलट गरिबाच्या स्वायत्ततेचा प्रश्न आला की त्याचे ‘संरक्षण’ करावयाचे आणि श्रीमंताची स्वायत्तता मात्र मान्य करावयाची, यात एक प्रकारचा तुच्छभाव दडलेला असू शकतो.

हा आक्षेप फेटाळता येत नाही. मात्र तो माणूस नेमके काय मागत आहे, हे त्यातून ठरत नाही. मरण मागणारा रुग्ण पुष्कळदा वेदना थांबविण्याची मागणी करत असतो, आणि वेदना थांबविण्याचे साधन अस्तित्वात आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिनसारखी औषधे इतक्या परवान्यांत अडकविली की डॉक्टर ती ठेवण्यास कचरू लागले. २०१४ च्या दुरुस्तीने ही गुंतागुंत बरीच कमी केली. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला ती औषधे ठेवता येतात. मुंबईत वांद्रे येथे १९८६ पासून शांती आवेदना सदन हे देशातील पहिले शुश्रूषागृह मरणासन्न कर्करोग्यांची सेवा करीत आले आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये उपशामक शुश्रूषेचे, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचे, धोरण स्वीकारले. धोरण, कायदा आणि औषध तिन्ही जागेवर असताना, घरी आणलेल्या कर्करोग्याच्या उशाशी पॅरासिटामॉलची पट्टी असणे हे ‘सोडून देणे’ होय, आणि त्याचा दोष निसर्गाकडे जात नाही.

म्हणून सक्रिय दयामरणाच्या कायद्याबाबत तत्त्वतः ‘कदापि नाही’ असे म्हणणे या विवेचनातून निष्पन्न होत नाही. निष्पन्न होते ते एवढेच की, तशा कायद्याखाली दिल्या जाणाऱ्या संमतीची कसोटी रुग्णाच्या शब्दांवर थांबून चालणार नाही. त्याच्यासमोर प्रत्यक्षात कोणते दुसरे पर्याय ठेवले गेले होते, याचा पुरावा मंडळाने मागितला पाहिजे. मॉर्फिन दिले होते काय, घरी येणारी परिचारिका होती काय, खर्चाचे काय झाले, हे प्रश्न आजच्या कार्यपद्धतीत विचारले जात नाहीत. रोग बरा होण्यापलीकडे गेला आहे काय, एवढेच विचारले जाते. ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ या मजकुराखालील सहीलाही हीच कसोटी लागू व्हावयास हवी. कारण उपचार थांबविण्याचे बहुसंख्य निर्णय तेथे होत असतात. डॉक्टरांनी त्या कागदावर एकच ओळ वाढविली, रुग्ण वैद्यकीय कारणाने जात आहे की आर्थिक, तर या दोन तालुक्यांतील दयामरणाची पहिली खरी आकडेवारी हाती येईल.

पंचायतीचे कपाट

२०२३ च्या निर्देशांत एक तरतूद अशी आहे की, अग्रिम वैद्यकीय निर्देशाची प्रत स्थानिक शासनाच्या, महानगरपालिकेच्या, नगरपरिषदेच्या किंवा पंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यावी आणि त्याने ती अभिरक्षक म्हणून सांभाळावी. पंचायतीचा हा उल्लेख विधिज्ञांच्या लेखनात क्वचितच येतो. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्या. महेश सोनक यांनी स्वतःचा निर्देश नोंदविला, तेव्हा त्याची बातमी झाली. मुंबईत डॉ. निखिल दातार यांनी या प्रश्नावर उच्च न्यायालयात जनहित याचिका केल्यानंतर राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये अभिरक्षक नेमण्याच्या कामाला गती आली. आजवर या सुविधेचा लाभ घेणारे डॉक्टर, वकील, न्यायाधीश असे लेखणीशी परिचय असलेले लोक आहेत.

जन्म-मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीला नवी नाही. ग्रामसेवकाच्या कपाटात ती वही पिढ्यान्‌पिढ्या आहे. मुंबईहून परतलेल्या ठाकर वृद्धाने ‘मला पुन्हा पनवेलला नेऊ नका, पण दुखले तर औषध द्या’ असे सांगितले, तर ते लिहून घेण्याचा अधिकार त्या कपाटाला आता कायद्याने पोहोचला आहे. या वाक्याचे दोन भाग आहेत. पहिला नोटरीच्या शिक्क्याने सिद्ध होतो आणि त्याला वैद्यकीय मंडळे बांधील आहेत. दुसरा भाग, ‘दुखले तर औषध द्या’, हाही त्याच कागदावर त्याच शाईने लिहिता येतो. तो पाळण्यास मात्र आज कोणीही बांधील नाही.